दोन औंध, दोन नागठाणे आणि एक तंबोरा

पुण्याच्या माणसाने मोबाइलच्या नकाशात ‘औंध’ टाकलं की नकाशा त्याला मुळेकाठच्या औंधात, मॉलसमोर नेऊन उभा करतो. सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईचं औंध त्या यादीत खाली कुठेतरी असतं. औंध संगीत महोत्सवाला निघालेल्या टोळीच्या सारथ्याने सवयीने पहिल्याच नावावर बोट ठेवलं आणि आनंदाने घोषणा केली, “बावीस मिनिटांत पोचतोय! एवढ्यासाठी तुम्ही मला सहाला उठवलंत?”

“त्या औंधात फक्त हॉर्न ऐकायला मिळतील,” मागच्या सीटवरून कानसेन म्हणाला. “साताऱ्याकडे घे.”

टोळी चौघांची. गाडी सारथ्याची, म्हणून गाडीतली गाणी त्याच्या पसंतीची आणि थांबे त्याच्या पोटाच्या सोयीचे. खजिनदार एका सहकारी बँकेत नोकरीला. वर्गणी आगाऊ गोळा करून टोलपासून टपरीवरच्या कटिंगपर्यंत सगळं वहीत उतरवणारा. कानसेन स्वतः गात नाही की वाजवत नाही, पण पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात त्याने इतके हिवाळे काढले आहेत की गाणं ऐकण्यापेक्षा ते समजावून सांगण्यातच त्याचा हात जास्त बसला आहे. चौथी विशारद. तिच्याकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं खरोखरचं प्रमाणपत्र आहे, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा सगळ्या परीक्षा देऊन मिळवलेलं. रागांबद्दल चौघांत सर्वांत कमी तीच बोलते.

शहरातले महोत्सव शनिवार-रविवार बघून बेतलेले असतात. औंधचा महोत्सव पंचांग बघतो. तो असतो शिवानंद स्वामींच्या पुण्यतिथीला, म्हणजे आश्विन वद्य पंचमीला. कोजागरीचं दूध पिऊन पाच दिवस झाले की औंधच्या दत्तमंदिरात गाणं. पंचमी मंगळवारी आली तर गाणं मंगळवारी, ज्याला रजा मिळेल त्याने यावं. त्यामुळे पंचमी शनिवारी पडते ते वर्ष नोकरदार रसिकांना पर्वणीचं. खजिनदाराने वहीतली पहिलीच नोंद ‘वाचलेली रजा’ अशी जमेच्या बाजूला केली होती.

हा उत्सव १९४० मध्ये सुरू केला तो पंडित अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा जोशी यांनी. ते औंध संस्थानचे दरबारी गवई आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती या बाळकृष्णबुवांनी. अंतुबुवांनंतर त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी उत्सव चालवला आणि १९८७ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी तो चालू ठेवला. गजाननबुवांचं प्रकरण टोळीच्या आकलनापलीकडचं होतं. घरात ग्वाल्हेर असताना त्यांनी आग्रा आणि जयपूर या घराण्यांचीही तालीम घेतली, वर व्हायोलिनमध्येही नाव कमावलं. त्यांच्या एका गळ्यात तीन घराणी सुखाने नांदली. टोळीचं मात्र खंबाटकी घाटाच्या अलीकडे चहा घ्यायचा की पलीकडे, यावरही एकमत होत नव्हतं. शेवटी दोन्हीकडे घेतला. खजिनदाराने दोन्ही नोंदी एकाच ओळीत कोंबल्या.

साताऱ्यात कंदी पेढ्यांसाठी थांबणं हा ठराव कुणी मांडला नव्हता, तरी तो मंजूर झाला. खरपूस भाजलेल्या खव्याचा तो तांबूस पेढा दुकानात चव बघायला म्हणून एकेक घेतला जातो, आणि चव नक्की कळली नाही म्हणून दुसरा. अर्धा किलो मित्रांच्या घरी न्यायला म्हणून बांधून घेतलं. पुडा रहिमतपूरपर्यंत टिकला.

औंधात पोचल्यावर खजिनदाराने आधी तिकीटखिडकी शोधली. देवळाला दोन चकरा मारूनही ती सापडेना, तेव्हा पायरीवर बसलेल्या पटकेवाल्या आजोबांना विचारलं.

“तिकीट? देवळात?” आजोबा त्याच्याकडे बघतच राहिले. “चपला तेवढ्या नीट ठेवा, पाव्हणं. रात्री अंधारात दुसऱ्याच्या घालून जात्यात लोक.”

वहीत ‘प्रवेश’ या शब्दासमोर शून्य पडलं. बँकेच्या माणसाला एवढं मोठं शून्य अस्वस्थ करतं. त्याने आत जाऊन दत्तापुढच्या पेटीत नोट टाकली आणि ती ‘इतर’ या सदरात लिहिली.

मंदिरातल्या बैठकीत खुर्च्यांचे वर्ग नाहीत, सतरंजी सगळ्यांना सारखी. तिच्यावर मुंबई-पुण्याहून आलेले शागीर्द, तंबोऱ्याच्या गवसण्या सांभाळणाऱ्या मुली, वहीत बंदिशी टिपणारे मास्तर आणि दिवसभराचं रान आवरून आलेले औंधकर. कानसेनाने बसायची जागा फार विचारपूर्वक निवडली. गवय्याची नजर आपल्यावर पडली पाहिजे, म्हणजे दाद पोचते, हे त्याचं धोरण. शेजारी नेमके ते पायरीवरचे आजोबा येऊन बसले.

संध्याकाळच्या गायकाने डोळे मिटून निषाद लावला, गंधारावर आला आणि कानसेन खजिनदाराच्या कानात पुटपुटला, “मारवा.” पाच-सात मिनिटांनी गायकाने बंदिशीचं तोंड घेतलं तेव्हा विशारद शांतपणे म्हणाली, “पूरिया.” आता यात कानसेनाचा सगळाच दोष नव्हता. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम गायब. मारवा रिषभ-धैवतावर ठिय्या देतो, पूरिया गंधार-निषादावर, आणि सोहनी वरच्या सप्तकात वावरते, तीही उत्तररात्री. कुठल्या स्वरावर किती वेळ थांबायचं, एवढ्यावर माणसाची आख्खी प्रतिष्ठा अवलंबून. कानसेनाने ती सावरली. “मारव्याच्या अंगाने गातोय पूरिया,” तो म्हणाला.

खरी परीक्षा तबला रंगल्यावर झाली. विलंबित एकतालात एक आवर्तन संपायला इतका वेळ लागतो की मधल्या काळात श्रोत्याच्या मनात घरचा गॅस बंद केला की नाही हा विचारही येऊन जातो. गायकाने एक दमदार तान घेतली आणि कानसेनाचा हात “वाऽऽ!” म्हणत हवेत गेला. तो तिथेच अडकला. आजोबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “पाव्हणं, सम अजून यायचीय.”

सम आली तेव्हा आजोबांची मान नुसती एक बोटभर हलली. कानसेनाच्या लक्षात आलं की गवई दाद त्या मानेकडे बघून घेत होता. त्याच्या हवेतल्या हाताकडे तो एकदाही वळला नव्हता.

मध्यंतरात चहाच्या रांगेत चौकशी केल्यावर कळलं की आजोबा गाणं शिकलेले नाहीत. त्यांचे वडील त्यांना लहानपणी खांद्यावर बसवून पंचमीला घेऊन येत, एवढंच. “बुवा गायाचं, आमी ऐकायचं,” आजोबा म्हणाले. “न कळून सांगतो कुणाला?”

रात्र चढेल तसे राग उतरत गेले आणि टोळी आडवी होत गेली. सारथी सगळ्यात शहाणा निघाला. साडेनऊलाच ‘उद्या गाडी मला चालवायचीय’ असं जाहीर करून तो मागच्या सीटवर जाऊन झोपला. खजिनदार बागेश्रीत गेला. कानसेन मालकंसापर्यंत टिकला. त्यानंतर तो ‘डोळे मिटून ऐकत’ होता. डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसाच्या घशातून साधारणपणे आवाज येत नाही. त्याच्या येत होता, आणि विशारदच्या म्हणण्याप्रमाणे तो तंबोऱ्याच्या खर्जाशी बऱ्यापैकी जुळतही होता, म्हणून तिने त्याला उठवलं नाही. ती स्वतः मात्र भैरवीपर्यंत मांडी न मोडता बसून होती.

*

या मुलखात जागरणाला शतकाची परंपरा आहे. संगीत नाटकांच्या काळात वन्समोअर पडून पडून पहिला अंक मध्यरात्र ओलांडायचा आणि प्रेक्षक कोंबडा आरवताना घरी जायचे. फरक एवढाच की त्या प्रेक्षकांना सकाळी सूर्यनमस्कारांच्या गावात जाग यायची नाही. टोळीला आली. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. त्यांनी स्वतः आयुष्यभर घातले, शाळेतल्या मुलांना घालायला लावले, त्यावर पुस्तकं लिहिली. त्यांच्याच गावात सकाळी आठ वाजता पुण्याचे दोन रसिक कमरेवर हात ठेवून, ‘आई गं’ या एकाच आलापात, सतरंजीवरून टप्प्याटप्प्याने उठले.

भवानराव हे एका माणसात मावणारं प्रकरण नव्हतं. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता राज्यघटना करून प्रजेच्या हाती दिली. संस्थानिक सत्ता सोडत नाहीत असा त्या काळचा अनुभव असताना यांनी ती आपणहून सोडली. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय बघायला टोळी चढली, म्हणजे सारथी चढला आणि बाकीचे त्याच्यामागे ओढले गेले. आत राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माता आणि बालक हे शिल्पही आहे, ज्याच्यासाठी लोक लंडनची संग्रहालयं पालथी घालतात. खजिनदाराने त्या शिल्पाभोवती एक फेरी मारली. “खटाव तालुक्यात हे आलं कसं?” तो पुन:पुन्हा विचारत होता. राजाला आवडलं म्हणून आलं, हे उत्तर त्याच्या कुठल्याही सदरात बसेना.

खाली आल्यावर सारथ्याने नवं गंतव्य टाकलं: नागठाणे, बालगंधर्वांचं जन्मगाव. नकाशाने तत्परतेने परत साताऱ्याकडे वळवलं. सातारा ओलांडून कराडच्या वाटेवर, महामार्गालगत एक नागठाणे आहे. बालगंधर्वांचं नागठाणे वेगळं, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, कृष्णेकाठी. “या जिल्ह्यांना नावं कमी पडली का?” सारथी वैतागला. या वेळी त्याने नकाशा बंद केला आणि पुसेसावळीच्या वाटेला लागून दर फाट्यावर माणसं विचारत गेला. माणसांनी प्रत्येक वेळी रस्ता बरोबर सांगितला, आणि वर ‘कुठनं आला?’, ‘कुणाकडं चाललाय?’, ‘चा घिऊन जावा की’ हे तीन प्रश्न मोफत दिले.

गाडीत भांडण पेटलं ते लावणीवरून. रात्रभर शास्त्रीय संगीतापासून सुरक्षित अंतरावर झोपलेला सारथी ताजातवाना होता आणि त्याने ढोलकी लावली. कानसेनाने कानांवर हात ठेवले. “भैरवी ऐकून आल्यावर हे?”

इथे विशारद पहिल्यांदा सविस्तर बोलली. हा जो वाळवा तालुका पलीकडे लागतो, तिथल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. ब्राह्मणाघरी जन्मलेले श्रीधर कुलकर्णी, पण फडासाठी लावण्या लिहिता लिहिता सगळं सोडून तमाशात गेले आणि पवळाबरोबर त्यांनी मराठी मुलूख गाजवला. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांनी तमाशाचा गण-गौळणीचा साचा मोडून त्यातून लोकनाट्य उभं केलं. “ज्या नदीचं पाणी पिऊन बालगंधर्व झाले, त्याच नदीचं पाणी पठ्ठे बापूराव प्यायले,” ती म्हणाली. “तू कशाला मधे बांध घालतोस?” सारथ्याने आवाज वाढवला.

किर्लोस्करवाडीची पाटी दिसली तेव्हा कानसेनाला सूड उगवायची संधी मिळाली. “बालगंधर्व किर्लोस्कर कंपनीतच लागले,” सारथी अभिमानाने म्हणाला, “म्हणजे इथेच.” कानसेनाने गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून समजावलं. किर्लोस्कर दोन. नाटकवाले अण्णासाहेब, त्यांच्या किर्लोस्कर नाटक मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये दाखल झाले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. नांगरवाले लक्ष्मणराव, त्यांना औंधच्या राजांनी कुंडलच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये तिथे ही वाडी उभी राहिली. एकाने महाराष्ट्राला शाकुंतल दिलं, दुसऱ्याने लोखंडी नांगर. “दोन औंध, दोन नागठाणे, दोन किर्लोस्कर,” खजिनदार वहीत बघत म्हणाला. “टोलही दोनदाच घेतला असेल.”

नागठाण्यात २६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या त्या मुलाचं स्मारक बघून टोळी कृष्णेच्या काठी जरा टेकली. स्त्रीवेशातल्या बालगंधर्वांची नऊवारी, दागिने, अंबाडा बघून मुंबई-पुण्याच्या बायका तशा नटायच्या, हे कानसेनाने सांगितलं. पारावरचा एक पोरगा मोबाइलवर रील बघत ऐकत होता. “म्हंजी इन्फ्लुएन्सरच की,” तो म्हणाला. कानसेन उत्तर शोधत राहिला.

पुढचं स्टेशन भिलवडी, आणि इथे पुणेकरांना खरा धक्का बसला. ज्या चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद राहण्यावरून पुण्यात पिढ्यानपिढ्या विनोद झाले, त्या चितळ्यांचा दुधाचा धंदा भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये सुरू केला तो या भिलवडीत. पुणं नंतरचं, बाकरवडी त्याहून नंतरची. म्हणजे पुण्याचा सर्वांत पुणेरी अभिमान मुळात सांगली जिल्ह्याचा. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

सांगलीत टोळी आयर्विन पुलावरून शिरली. १९२९ चा हा पूल कृष्णेच्या पुराची पातळी सांगण्याच्या कामी पावसाळ्यात अजून रोज बातम्यांत येतो. याच गावात, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. त्या नाटकात पदं सगळी सूत्रधाराने म्हणायची, पात्रांनी ऐनवेळी सुचेल ते बोलायचं, आणि राक्षस आले की राळ उडवून, तलवारी खणखणवून आरडाओरडा करायचा. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो तो या प्रयोगाच्या आठवणीत, आणि त्या दिवशी सांगलीत मानाचं भावे गौरव पदक दिलं जातं. सुचेल ते बोलण्याच्या या परंपरेला अनुसरून टोळीने भडंगाच्या दुकानात घासाघीस सुरू केली. सांगलीचं भडंग म्हणजे लसूण, शेंगदाणे आणि तिखटाने लाल झालेले कुरमुरे. एक मूठ खाल्ली की दुसरी मूठ आपोआप भरते. खजिनदाराने नातेवाईक, शेजारी, बँकेतला स्टाफ असा हिशेब मांडून पाच किलो घेतलं. संपूर्ण सफरीतली ही त्याची सर्वांत मोठी उचल.

*

मिरज हे गाव बाहेरच्या माणसाला तीन कारणांनी माहीत असतं: गाडी बदलायची असते, दवाखान्यात कुणी असतं, किंवा तंबोरा घ्यायचा असतो. तिसरं कारण सर्वांत जुनं आहे आणि सर्वांत सुरेलही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या शिकलगार कुटुंबांतले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊबंद तंतुवाद्यांकडे वळले. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. राज्यं गेली, तलवारी म्यानात गेल्या, आणि पोलादाला धार लावणारे हात भोपळ्याला सूर लावू लागले. त्या घराण्यांचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारमेकर गल्लीत शिरलं की घरोघरी छताला, भिंतीला, पायऱ्यांवर भोपळे. मोठाले, वाळलेले, खाण्याशी काही संबंध नसलेले भोपळे. ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. तुणाच्या लाकडाची दांडी, भोपळ्यावर बसवलेली तबली, वर खुंट्या आणि मधे घोडी. सारथ्याने एक भोपळा वाजवून बघितला आणि भाजीवाल्यासमोर उभं राहावं तसा चेहरा केला. विशारद मात्र एका ओट्यावर थांबली होती. तिथे एक वयस्क चाचा मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसले होते.

चाचा जवारी काढत होते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उतारावर अलगद टेकत-सुटत राहते आणि त्या घसटीतून तो गुंजारव निघतो. उतार जास्त झाला की आवाज मुका, कमी झाला की खरखर. चाचा कानस दोनदा फिरवत, बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवत, बोटाने भुकटी उडवत, तार परत चढवत, छेडत, मान हलवत आणि पुन्हा तार उतरवत. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला. धागा सुईच्या टोकाएवढा पुढे गेला आणि इतका वेळ बंद असलेला आवाज एकदम उघडला. खर्जातून गंधार स्वच्छ ऐकू येऊ लागला. कुणीही न वाजवलेला गंधार.

“आत्ता बरोबर लागला,” कानसेन म्हणाला.

“अजून नाही,” चाचा आणि विशारद एकदमच म्हणाले. चाचांनी मान वर करून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं आणि तंबोरा उभा करून तिच्या हातात दिला. नेमक्या त्याच वेळी तिच्या पिशवीतल्या मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप धक्क्याने सुरू झालं आणि काळी चारमध्ये ‘पसासासा’ म्हणू लागलं. गल्लीतले तीन कारागीर हातातली कामं थांबवून पिशवीकडे बघू लागले.

“राहू द्या, बेटा,” चाचा म्हणाले. “तेही कामाला येतं. प्रवासात.”

विशारदने तंबोरा परत केला नाही. अर्धा तास छेडत राहिली आणि मग किंमत विचारली. खजिनदाराने वही उघडली, पण तिने ती बंद केली. पैसे तिचे होते, कित्येक वर्षांच्या शिकवण्यांचे. चाचांनी घासाघीस करायची वेळच येऊ दिली नाही. त्यांनी आकडा सांगितला, तो तिला पटला, आणि गवसणी वर तशीच दिली.

संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले तेव्हा कुणी गात नव्हतं. गाणं इथे उरुसात होतं. या उरुसातला पहिला गलेफ मिरजेच्या चर्मकार समाजाचा असतो, आणि आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचा समारोह रात्र-रात्र चालतो. तिथे हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी गाऊन गेले. इथे कुणी कार्यक्रम ‘करत’ नाही, हजेरी लावतो. खाँसाहेब कैरान्याचे, पण घर त्यांनी मिरजेत केलं. १९३७ च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या दौऱ्यात गाडीतच त्यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरून, तंबोरा जुळवून घेऊन, गातागाताच ते गेले असं सांगतात. त्यांची कबर या आवारात आहे. त्यांनी टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात साद द्यायला शिकवलं होतं, अशीही गोष्ट सांगितली जाते.

“कुत्र्याला सूर कळला,” खजिनदार कानसेनाला म्हणाला, “आणि तुला सम—”

“पुरे,” कानसेन म्हणाला.

विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्टही मिरजेचीच. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, उपचारांसाठी इथे आणलं, शिक्षण थांबलं म्हणून बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला घातलं. तोच मुलगा १९०१ मध्ये लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून बसला. औंधच्या अंतुबुवांचे गुरू बाळकृष्णबुवाच, पलुस्करांचे तेच, आणि विशारदच्या कपाटातल्या प्रमाणपत्राचं मूळही तेच. कानसेनाने हा धागा जोडून दाखवला आणि या वेळी कुणी त्याला दुरुस्त केलं नाही.

प्रश्न उभा राहिला तो पार्किंगमध्ये. तंबोरा आडवा डिकीत मावेना. मागच्या सीटवर तिरका ठेवला तर भोपळा दारात अडके. शेवटी पुढची सीट मागे सरकवून त्याला तिथे उभा केला आणि पट्टा लावला. भोपळ्याखाली शाल, खुंट्यांना टॉवेल. मागे खजिनदार, विशारद, सगळ्यांच्या बॅगा आणि सांगलीत घेतलेलं हळदीचं पोतं. एक माणूस जास्त होत होता. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, पण त्याआधीच सगळे कानसेनाकडे बघत होते.

“महालक्ष्मी एक्सप्रेस आहे रात्री,” सारथी प्रेमाने म्हणाला. “मिरज जंक्शन हाकेवर.”

जनरलच्या डब्यात कानसेनाला दाराजवळ बाकड्याचं एक टोक मिळालं. समोर ऊसतोडीला निघालेलं एक कुटुंब, बाजूला कोल्हापूरहून बसलेला पैलवान. किर्लोस्करवाडी गेली, कराड आलं. मधे त्याने दोनदा फोन केला. पहिल्यांदा विचारलं, “पट्टा आवळून लावलाय ना? तारांवर दाब नको.” दुसऱ्यांदा विचारलं, “खंबाटकीच्या वळणांवर हळू घ्या, घोडी सरकेल.” तो कसा आहे हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

तिसरा फोन साताऱ्याच्या पुढे गाडीतून आला. खजिनदार होता, आवाजात धास्ती.

“अरे, भडंगाच्या पिशव्या डिकीत दिसत नाहीत. पाच किलो होतं. मिरजेला तू उतरवल्यास का काही?”

कानसेनाने डब्यात नजर फिरवली. ऊसतोडीची दोन पोरं पिशवीत कोपरापर्यंत हात घालून तळाचे शेंगदाणे शोधत होती. पैलवानाने आपली दुसरी पिशवी संपवून तिची घडी घातली होती.

“नाही बुवा,” कानसेन तोंडातला घास गिळून म्हणाला. “कसल्या पिशव्या?”